टिळकांवर कोणी हसायचं?

महेश मांजरेकरांचा पु. ल. देशपांड्यांवरचा ‘भाई – व्यक्ती की वल्ली’ 2019 साली दोन भागांत आला. पूर्वार्ध 4 जानेवारीला, उत्तरार्ध 8 फेब्रुवारीला. पुलंच्या जन्मशताब्दीचा तो काळ. सिनेमात पुलं सिगारेट ओढतात, बैठकीत पेला हातात धरतात, म्हणून तेव्हा बरीच ओरड झाली आणि मग लोक विसरूनही गेले. राहुरीत आमच्या गल्लीत मात्र तो विषय अजून मिटलेला नाही, कारण आमच्या शेजारी मामा राहतात. अख्खी गल्ली त्यांना मामाच म्हणते. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात नोकरी केली, घर मराठी ख्रिस्ती, आणि पुस्तकांच्या बाबतीत पाळकांचंही ऐकून घ्यायचं नाही असा स्वभाव. त्यांची सख्खी भाची पुण्यात पटकथा लिहिते. नगर-मनमाड रस्त्याचे सगळे खड्डे अंगावर घेऊन ती आली, ती एक कल्पना घेऊन. एका विनोदी लेखकाच्या आयुष्यावर विनोदी सिनेमा करायचा, पण त्याचं दुःख झाकायचं नाही. ओट्यावर चहा आला आणि दोघं जुंपले. मी ऐकायला होतो. एकदाच तोंड घातलं, पण तेच अंगाशी आलं.

मामा : आधी हे सांग, कोणावर सिनेमा?

भाची : गडकऱ्यांवर. राम गणेश.

मामा : त्यात हसण्यासारखं काय आहे गं? नवसारीला जन्मला, सावनेरला गेला, मधे 33 वर्षं. संसार नीट लागला नाही. ‘एकच प्याला’ लिहून ठेवलं आणि ते रंगभूमीवर यायच्या आत माणूस गेला.

भाची : आणि ‘बाळकराम’ कोणी लिहिला? एकाच हातानं सुधाकराची दारूही लिहिली आणि ठकीच्या लग्नाची धांदलही. मला तोच हात दाखवायचाय. मामा, अमेरिकेत असा एक सिनेमा आहे, 2018 चा. डग केनी म्हणून विनोदी लेखक होता. 1970 मध्ये ‘नॅशनल लॅम्पून’ नावाचं टवाळखोर मासिक काढणाऱ्यांतला एक. पैसा मिळाला, नाव झालं, नशा लागली, आणि 1980 मध्ये हवाई बेटांवर कड्यावरून पडून गेला. वय किती? 33. गडकऱ्यांएवढंच.

मामा : वय जुळलं म्हणून पत्रिका जुळत नाही.

भाची : ऐका तरी. त्या सिनेमात गोष्ट सांगायला म्हातारा केनी आणलाय. जो कधी म्हातारा झालाच नाही, तो. तरुण केनीच्या शेजारी उभा राहून टोमणे मारतो. मधेच सिनेमा थांबतो आणि आम्ही काय काय बदललं, काय गाळलं, याची यादी पडद्यावरून धावत जाते. म्हणजे चरित्रपट खोटं बोलतो हे स्वतःच कबूल करून मोकळा. शेवटी त्याच्या अंत्यविधीला जमलेले लोक एकमेकांवर खाणं फेकून मारतात.

मामा : मयताला?

भाची : मयताला.

मामा : आपल्याकडे मयताला एवढं खाणं नसतं, म्हणून वाचलो.

(हे बोलून मामा स्वतःच हसले. वादात त्यांची ही खोड आहे. विरोध करायचा असतो, पण आधी विनोद करून टाकतात आणि मग समोरच्याला वाटतं, गडी फुटला.)

भाची : बघा, हसलात. मग गडकऱ्यांचं का नको?

मामा : एक तर पैसे लावणार कोण? 2017 च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातला त्यांचा पुतळा उखडून मुठेत टाकला लोकांनी, ‘राजसंन्यास’ नाटकातल्या चित्रणापायी. ज्याचा पुतळा टिकत नाही त्याचं पोस्टर टिकेल? पण ते सोड, तो तुझ्या निर्मात्याचा प्रश्न. माझं म्हणणं वेगळं आहे. शास्त्रज्ञावर विनोदी सिनेमा काढ, सेनापतीवर काढ, माझी ना नाही. ज्यानं आयुष्यभर स्वतःच हसवलं, त्याच्यावर विनोदी सिनेमा काढशील तर तुझी गाठ थेट त्याच्याशी आहे. गडकऱ्यांच्या तोंडी तुला वाक्यं घालायला लागणार. ती बाळकरामच्या तोडीची लिहिशील तू?

भाची : नाही लिहिणार.

मामा : बघ. मग पडद्यावरचा गडकरी खऱ्या गडकऱ्यापेक्षा कमी हुशार दिसणार. जो कमी हुशार दिसतो तो गडकरी नव्हेच.

भाची : पण ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ तुम्हाला आवडला होता. परेश मोकाशींचा, 2009 चा. तोही चरित्रपटच. फाळके घरातलं सामान विकतात, डोळे जायची पाळी येते, आणि थिएटरात लोक हसत असतात. देशातर्फे ऑस्करला गेला.

मामा : माझंच म्हणणं सिद्ध केलंस. फाळके विनोदी लेखक नव्हते. ते पोटतिडकीनं सिनेमाच्या नादी लागलेले आणि बघणारा त्या नादाला हसतोय. तिथे हसण्याचा ठेका दिग्दर्शकाकडे होता. पुलंच्या सिनेमात तो ठेका पुलंकडे जातो आणि मग दिग्दर्शकाला काम उरत नाही. तो काय करतो? किस्से. प्रयाग हॉस्पिटलमध्ये पुलं शेवटच्या आजारात पडलेत, भेटायला लोक येतात, आठवणी सांगतात. त्या आठवणींत एकेक थोर माणूस दारातून आत येतो. आपण ओळखतो, अरे हे भीमसेन, हे कुमार, हे वसंतराव. आपल्याला वाटतं सिनेमा कळला. कळलेली असतात फक्त नावं.

भाची : हे मला मान्य आहे.

मामा : मान्य? मग भांडतेस कशाला?

भाची : कारण तुमचा राग किश्श्यांवर नाही, सिगारेटवर आहे.

मामा : होता. आता नाही. सिगारेट ओढत असतील, नसतील, मला काय त्याचं? माझी तक्रार ही, की ज्या माणसानं स्वतःला एवढं जपून झाकलं त्याला उघडं करायला ही मंडळी निघाली आणि सिगारेटपाशीच थांबली. पुलंनी आत्मकथेचा थाट मांडला तो धोंडो भिकाजी कडमडे जोशी नावाच्या कारकुनाच्या नावानं. ‘असा मी असामी’ म्हणायचं आणि मी कुठेच नाही! एवढा मोठा माणूस स्वतःच्या चरित्रातून पळून गेला. सिनेमा काढायचा तर या पळण्यावर काढा ना. पहिलं लग्न झालं आणि काही दिवसांत ती मुलगी वारली. यावर कुठल्या वल्लीत काही सापडतं का बघ. शेवटी कंपवात झाला. ज्याचा हात, भुवई, मान, सगळं मिळून एकटा माणूस अख्खी चाळ उभी करायचा, त्याचाच हात ऐकेनासा झाला. ही शोकांतिका आहे बाई. पेला हातात आहे की नाही हा प्रश्नच नाही. हात हातात आहे का, हा आहे.

(भाचीनं इथे फोन काढून काहीतरी टिपून घेतलं. मामांनी ते पाहिलं आणि दुर्लक्ष केल्यासारखं दाखवलं.)

भाची : आणि ते पळणं कोणी पकडलं, सांगा. त्यांच्या बायकोनं, सुनीताबाईंनी. ‘आहे मनोहर तरी’ 1990 मध्ये आलं, तेव्हा पुलं हयात होते. अख्ख्या महाराष्ट्राच्या लाडक्या माणसाच्या घरात बसून एक बाई लिहिते की हा माणूस घरात कसा आहे, किती पसारा करतो, कोणाच्या जिवावर निर्धास्त आहे. आणि तिथेही हसू येतंच. लग्नाचंच बघा. 1946 चा 12 जून, रत्नागिरी, आठ आण्यांच्या छापील फॉर्मवर सगळं उरकलं. बरं, त्याच 12 जूनला, 2000 साली, पुलं गेले.

मामा : त्या पुस्तकावर लोक चिडले होते.

भाची : तुम्ही चिडला होता?

मामा : मी चिडलो होतो. मग दुसऱ्यांदा वाचलं.

भाची : आणि?

मामा : आणि काही नाही. बाईंचा हिशोब चोख होता. टाइम ऑफिसात एवढी वर्षं काढली, हिशोब चोख असला की मला बोलता येत नाही.

इथे मी तोंड घातलं. म्हटलं, राहुरीत बसून अर्धा तास लेखकाच्या बायकोनं लिहिलेल्या पुस्तकांवर बोलताय आणि लक्ष्मीबाईंचं नाव कसं निघालं नाही? झालं. भाचीचे डोळे चमकले, मामांचे बारीक झाले. बाहेरच्या वाचकासाठी एवढं सांगायला हवं, की रेव्हरंड नारायण वामन टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी काही काळ राहुरीत होते. मिशनचे डॉक्टर बॅलंटाइन यांचं ठाणंही इथेच होतं. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात राहुरी येते ती टिळकांच्या बिऱ्हाडाचं गाव म्हणून. मामांच्या घरी दर रविवारी चर्चमध्ये टिळकांनी रचलेली गाणी गातात. त्यांच्या दृष्टीनं टिळक हे आधी रेव्हरंड, नंतर फुलामुलांचे कवी, आणि ‘स्मृतिचित्रे’तलं पात्र सगळ्यात शेवटी.

भाची : गडकरी राहू द्या, मामा. सापडलं! मी टिळकांवर सिनेमा करते.

मामा : अजिबात नाही.

भाची : का?

मामा : ते विनोदी लेखक नव्हते.

भाची : विनोदी लेखक त्या होत्या! त्रासलेला लेखक टिळक, विनोदी लेखक लक्ष्मीबाई. दोन माणसांत मिळून तो एक माणूस पुरा होतो. डग केनीला जे एकट्यानं झेपलं नाही ते इथे नवराबायकोनं वाटून घेतलं.

मामा : शब्दांचे खेळ करू नकोस. 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या बातमीनं इकडे बाईला वेड लागायची पाळी आली. लहान पोर पदरात. काही वर्षं नवरा एकीकडे, बायको नातेवाइकांच्या दारात. तू यात विनोद शोधणार?

भाची : मी नाही शोधणार. त्यांनी शोधून ठेवलाय! मला तो फक्त उचलायचाय. पुस्तक कसं सुरू होतं? वडिलांच्या सोवळ्यापासून. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. मीठसुद्धा.

मामा : मीठसुद्धा!

भाची : मीठ धुवायचं म्हणजे...

मामा : म्हणजे उरतं काय, तेच ना? आणि पोरांनी कशाला शिवायचं नाही, कुठे बसायचं नाही, कुठल्या कपड्यात काय करायचं. त्या बाईचं सगळं बालपण ओल्या कपड्यांत गेलं. आणि ते अशा थाटात सांगते की वडिलांचा राग यायच्या आधी तुला हसू फुटतं, हसून झालं की मग राग येतो. हा क्रम महत्त्वाचा बरं का. तुम्ही सिनेमावाले उलटा लावता. आधी रडवता, मग एक विनोदी नोकर आणता.

भाची : आणि टिळक? एका बैठकीत कविता, दुसऱ्या बैठकीत भांडण, तिसऱ्यात घर सोडून चालू लागले. पैसा हातात टिकायचा नाही, दारात येईल तो पाहुणा. बाईला न विचारता माणसं घरात आणायची आणि तिनं चूल पेटवायची.

मामा : अगं, ते नुसते पाहुणे नव्हते. बालकवींसारखा मुलगाही टिळकांच्या सावलीत राहिला. त्या घरानं माणसं सांभाळली. तू नुसता लहरी नवरा दाखवशील आणि आमच्या मंडळीत रविवारी पोरं टिळकांचं गाणं म्हणताना फिदीफिदी हसतील.

भाची : तुम्ही हसता का गाताना?

मामा : मी वेगळा.

भाची : तुम्ही ‘स्मृतिचित्रे’ किती वेळा वाचलंय?

मामा : मोजलं नाही.

भाची : एवढं वाचून तुमची टिळकांवरची भक्ती कमी झाली का?

मामांनी यावर बराच वेळ काही म्हटलं नाही. मला वाटलं, आता वाद संपला. मामांचं गप्प राहणं म्हणजे फाइल शोधणं असतं, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

मामा : नाही झाली. वाढली. पण का वाढली ते बघ. सांगणारी बाई कोण होती? सोवळ्याच्या घरात वाढलेली, लहानपणी लग्न झालेली, लिहिणंवाचणं लग्नानंतर नवऱ्याकडून शिकलेली. नवऱ्यानं धर्म सोडला तेव्हा तिनं सोडला नाही. त्याच्याकडे परत आली ती भोळेपणानं नाही. जातपात देवानं केली की माणसानं, याचा निकाल तिनं स्वतःच्या डोक्यानं लावला, मग 1900 साली बाप्तिस्मा घेतला. 1919 मध्ये टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं, ते हिनं पुरं केलं. आणि ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपात यायला लागलं ते 1934 मध्ये, टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर. एवढी किंमत मोजून ती टिळकांवर हसली. तू काय मोजलंस?

भाची : पुणे-राहुरी बसचं तिकीट.

मामा : विनोद नको.

भाची : बरं. मग उलट विचारते. टिळकांना उत्तर द्यायला जागा होती का? ते गेल्यावर लिहिलं गेलं. पुलंना तरी वाचता आलं. किंमत मोजणारा माणूस न्याय करतोच असं नाही. पंधरा वर्षांत आठवणी गोल होतात, धार जाते, गंमत उरते. लक्ष्मीबाई प्रामाणिक आहेत हे आपल्याला कोणी सांगितलं? लक्ष्मीबाईंनीच.

(हा मुद्दा मला बिनतोड वाटला. मामांनाही वाटला असावा, कारण त्यांनी लगेच बाजू बदलली नाही तरी खुर्ची बदलली.)

मामा : असेल. पण ती स्वतःलाही सोडत नाही. स्वतःचा धांदरटपणा, स्वतःची भीती, तोंडाची सुटलेली धार, सगळं त्याच मापानं मोजते. नवऱ्याला एक माप आणि स्वतःला दुसरं, असं नाही. खोटी साक्ष देणारा माणूस स्वतःविरुद्ध साक्ष देतो होय? आणि विजया मेहतांनी केला आहेच की यावर चित्रपट, दूरदर्शनसाठी. 1982 चा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा. झालं ते झालं. पुन्हा कशाला?

भाची : त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, मामा. आज माझ्या वयाच्या मुलींनी लक्ष्मीबाईंचा धडा शाळेत वाचला आणि थोर स्त्री म्हणून फाइल बंद केली. त्यांना कोणी सांगितलंच नाही की ही बाई चि. वि. जोश्यांच्या आणि पुलंच्या पंगतीत बसवण्यासारखी आहे. आपल्याकडे पुरुषानं संसारावर लिहिलं की तो विनोदी लेखक. बाईनं लिहिलं की ते आत्मचरित्र, मग ते साहित्याच्या कपाटात सरकवायचं आणि वर सोसण्याची चिठ्ठी चिकटवायची. मला ती चिठ्ठी काढायचीय. पोस्टरवर लिहायचंय : विनोदी चित्रपट.

मामा : रेव्हरंड टिळकांच्या घरावर विनोदी चित्रपट असं पोस्टर राहुरीच्या स्टँडवर लागलं तर माहितीये का काय होईल?

भाची : काय होईल?

मामा : लई गर्दी होईल.

माझं मत कोणी विचारलं नाही, तरी लिहून ठेवतो. ‘भाई’ फसला असेल तर तो पुलंच्या हातात पेला दिल्यामुळे फसला नाही. त्यात पुलंवर हसायचा अधिकार असलेला माणूस गोष्ट सांगायला बसवला नाही. भेटायला आलेले लोक आठवणी सांगतात, पण पाहुणा थोडाच घराची थट्टा करतो? ती करतो घरातला माणूस. अमेरिकन सिनेमावाल्यांना तसा माणूस सापडला नाही, म्हणून त्यांनी न झालेला म्हातारा उभा केला. त्यांची युक्ती हुशार आहे, पण आहे ती युक्तीच. आपल्याकडे तो माणूस पुस्तक लिहून बसलाय, एकदा 1934 मध्ये, पुन्हा 1990 मध्ये. दोन्ही वेळा बाई. यात मराठी नवऱ्यांविषयी काय दिसतं ते त्यांनी आपापल्या घरी विचारून घ्यावं.

भाची : म्हणजे तुमची परवानगी आहे?

मामा : परवानगी मागणारी तू कोण आणि देणारा मी कोण? पण ऐक. राहुरी दाखवायची असेल तर राहुरीत ये. कुठल्या तरी फिल्मसिटीत मातीच्या भिंती उभ्या करून वर राहुरी लिहायचं नाही. दौंड-मनमाड लाइन तेव्हाही होती. स्टेशन दाखव, गावापासून लांब आहे तसं लांब दाखव. आणि मुळा नदीचं पाणी दाखवताना मागे धरण दिसू देऊ नकोस, धरण पुष्कळ नंतरचं.

भाची : लिहून घेते.

मामा : आणि आवाज एकट्या लक्ष्मीबाईंचा. म्हातारपणीचा. गोष्ट त्याच सांगतील. डोळ्यांत पाणी आणून सांगायला लावलंस तर मी थिएटरातून उठून जाईन.

भाची : मग टिळकांनी काय करायचं? तरुण टिळक समोर आहेत, घर सोडून चाललेत, म्हाताऱ्या लक्ष्मीबाई शेजारी उभ्या राहून बघतायत, असं करू? त्या केनीसारखं?

मामा : करू शकतेस. मग टिळक मागे वळून त्यांच्याकडे बघतील, आणि रेव्हरंड माणूस, कवी माणूस, त्यांना स्वतःची बाजू मांडायचा मोह होईलच.

भाची : मांडू दे की. तेवढाच न्याय.

मामा : छे! सिनेमाभर बाई बोलत असताना मधे बोलायचं नाही, एवढं टिळकांना बजावून ठेव. जन्मभर मधेच बोलले ते.